गॅरेजमधली रसायने : न कळणारा धोका आणि रोजची खबरदारी

मोटार दुरुस्ती हे लोखंडाचे काम मानले जाते. प्रत्यक्षात ते तितकेच रसायनांचेही काम आहे. इंजिनातले ऑइल काढणे, ब्रेक धुणे, बॅटरी चार्ज करणे, पत्र्यावर लांबी भरून घासणे, रंग मारणे, एसीत गॅस भरणे, रेडिएटरमध्ये कूलंट ओतणे, या प्रत्येक कामात कारागिराच्या हाताखाली एखादे ज्वालाग्राही, कातडी जाळणारे किंवा विषारी द्रव्य असते. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपासून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपर्यंत ही द्रव्ये जवळपास सारखीच असतात. फरक पडतो तो ती कशी ठेवली जातात, कशी हाताळली जातात आणि वापरून झाल्यावर कुठे जातात यामुळे.

या द्रव्यांबाबत गॅरेजमध्ये एक समज पक्का असतो: ज्याचा वास उग्र किंवा जे हाताला झोंबते ते वाईट, बाकीचे चालते. हा समजच सर्वांत जास्त नुकसान करतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रंगाच्या हार्डनरमधली आयसोसायनेटे दमा जडवण्याइतकी हवेत असली तरी नाकाला कळत नाहीत. कूलंट चवीला गोड असते. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासात गेली तर त्या दिवशी काहीच होत नाही. तिचा परिणाम दिसायला काही दशके जातात. शरीर वेळेवर इशारा देत नाही, म्हणून खबरदारी कामाच्या आधी घ्यावी लागते आणि ती जागेच्या मांडणीत व हाताच्या सवयीत उतरावी लागते.

शरीरात शिरण्याच्या वाटा

रसायन शरीरात मुख्यतः श्वासातून, कातडीतून आणि तोंडातून जाते. श्वासाची वाट सर्वांत जलद. थिनर किंवा पेट्रोलची वाफ फुप्फुसांतून थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत डोके जड होते, गरगरते, कामावरचे लक्ष उडते.

कातडीची वाट हळू आहे आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. पेट्रोल, थिनर, रॉकेल ही द्रव्ये कातडीवरचा नैसर्गिक तेलकट थर विरघळवतात. कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि त्या भेगांतून पुढची रसायने आणखी सहज आत जातात. दिवस संपताना पेट्रोलने हात धुण्याची सवय यामुळे घातक आहे. हातावरचे काळे ऑइल निघते, पण कातडीचे कवचही निघते. पेट्रोलमध्ये बेंझीन असते; भारत स्टेज ६ च्या मानकाने त्याचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत मर्यादित केले असले, तरी दीर्घकाळच्या संपर्काने रक्ताचा कर्करोग घडवणारे द्रव्य म्हणून बेंझीन जगभर सिद्ध झालेले आहे.

तोंडाची वाट सवयींतून उघडते. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढुरकी भुकटी बोटांना लागलेली असताना तंबाखू मळली, वडापाव खाल्ला किंवा बिडी ओढली, तर त्यातले शिसे पोटात जाते. टाकीतले पेट्रोल काढण्यासाठी नळी तोंडाने ओढणे हा त्याहून थेट धोका आहे. घोटभर पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा त्याचे काही थेंब श्वासनलिकेत उतरणे जास्त घातक असते. फुप्फुसांना सूज येऊन काही तासांत श्वास घेणे अवघड होऊ शकते. यासाठी हातपंप मिळतो आणि तो स्वस्त असतो.

चौथी वाट क्वचित लक्षात येते. आजच्या डिझेल इंजिनांत इंधनाचा दाब १,५०० बारहून अधिक असू शकतो. नळीच्या सांध्यातून निघालेली केसासारखी बारीक धार किंवा ग्रीस गनचे टोक कातडीतून आरपार जाऊन द्रव आत सोडते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसे दुखतही नाही. आत मात्र स्नायू आणि रक्तवाहिन्या नासू लागतात. अशा जखमेवर मलमपट्टी करून थांबायचे नसते. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते, नाहीतर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधताना नळीवरून हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा धरावा तो याच कारणाने.

इंधन, वाफ आणि आग

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि ही वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऋतूत उघड्या पेट्रोलवर जळू शकणारी वाफ असतेच. हवेत तिचे प्रमाण १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, गाडीखाली काम करण्याच्या खड्ड्यात साचते आणि कित्येक फुटांवर चाललेल्या वेल्डिंगपर्यंत किंवा चहाच्या स्टोव्हपर्यंत पोचते. उघड्या तसराळ्यात पेट्रोल घेऊन कार्ब्युरेटर किंवा साखळी धुणे हे म्हणूनच गॅरेजमधल्या सर्वांत जोखमीच्या कामांपैकी एक आहे. सुटे भाग धुण्यासाठी पाण्यावर आधारित डिग्रीझर किंवा सहज पेट न घेणारे क्लीनर वापरले, तर हा धोका मुळातच कमी होतो.

वायूंच्या बाबतीत वजनाचा हिशेब ठेवावा लागतो. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो. गळती झाली तर तो छताखाली साचतो, तेव्हा बाहेर जाण्याची वाट वर हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खड्ड्यात आणि गटारात उतरतो, तेव्हा त्याला खालून वाट हवी. दोन्ही प्रकारच्या गाड्या घेणाऱ्या गॅरेजमध्ये भिंतीला खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी झडपा असणे आवश्यक ठरते. गळतीचा संशय आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू किंवा बंद, काहीच करायचे नाही, कारण बटणातली ठिणगीही पुरेशी असते.

इंधनाच्या टाकीवर वेल्डिंग करताना भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार असते. टाकी पाण्याने एकदा विसळली की निर्धोक झाली असे होत नाही, कारण सांध्यांत आणि गंजाच्या थरात उरलेले इंधन उष्णतेने पुन्हा वाफाळते. असे काम त्यातल्या जाणकाराकडेच द्यावे किंवा टाकी बदलावी.

बॅटरी

नेहमीच्या शिसे-आम्ल बॅटरीत वजनाने सुमारे ३५ टक्के सल्फ्युरिक आम्ल असते. सुती कपड्यावर उडालेला थेंब लगेच दिसत नाही. कपडा धुतल्यावर तिथे भोक पडलेले आढळते. डोळ्यात उडालेला थेंब मात्र तेवढी सवड देत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की तो स्फोटक बनतो. बंद खोलीत रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ सकाळी ठिणगी पडली, तर बॅटरीचे कवच फुटून आम्ल चेहऱ्यावर उडते. चार्जिंगची जागा हवेशीर हवी, आणि क्लिप लावण्यापूर्वी व काढण्यापूर्वी चार्जर बंद हवा.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवायचे आणि बसवताना ते शेवटी जोडायचे, या क्रमामागे साधे कारण आहे. बहुतेक गाड्यांत ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. धन टोकाचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला, तर मोठा शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. ऋण टोक आधीच सुटलेले असेल, तर तो परिपथ पूर्णच होत नाही. जंपर केबलने गाडी चालू करताना शेवटची क्लिप उतरलेल्या बॅटरीला न लावता दूरवरच्या इंजिनाच्या धातूला लावतात, तीही ठिणगी हायड्रोजनपासून लांब पडावी म्हणून. आम्ल पातळ करायचे असेल तर आम्ल पाण्यात हळूहळू घालावे. आम्लात पाणी ओतले तर एकदम उष्णता निर्माण होऊन ते उसळते.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या लिथियम बॅटरीचे प्रश्न वेगळे आहेत. त्यांतला विजेचा दाब शेकडो व्होल्टचा असतो, आणि नारिंगी आवरणाच्या केबलला खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कोणी हात लावू नये. अपघातात दबलेली किंवा पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी तासांनी, कधी दिवसांनीही पेट घेऊ शकते आणि तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. अशी गाडी शेडच्या आत न घेता उघड्यावर, इतर गाड्यांपासून दूर ठेवावी.

थिनर, ब्रेक क्लीनर आणि इतर विद्रावके

ग्रीस, ऑइल, रंग विरघळवणाऱ्या द्रव्यांना विद्रावके म्हणतात. थिनर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, पेंट रिमूव्हर आणि पंक्चरचे सोल्युशन ही सगळी याच कुळातली. मेंदू आणि मज्जातंतू चरबीयुक्त असल्याने विद्रावके तिथे सहज पोचतात. डोकेदुखी, झिंग आणि मळमळ हे त्यांचे तात्पुरते परिणाम. दीर्घकाळच्या संपर्काने विस्मरण, चिडचिड आणि यकृत-मूत्रपिंडांचे विकार होऊ शकतात.

एक विद्रावक सोडून दुसरे घेतल्याने धोका संपतोच असे नाही, हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास दिसून आले. क्लोरीनयुक्त क्लीनरवर निर्बंध येत गेल्यावर उत्पादकांनी हेक्झेन आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणाचे ब्रेक क्लीनर बाजारात आणले. ते रोज फवारणाऱ्या काही मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरता वाढत गेली आणि स्नायूंतली शक्ती कमी झाली. हेक्झेनचे शरीरात असे रूपांतर होते की त्यातून मज्जातंतू निकामी करणारे द्रव्य तयार होते, आणि सोबतचे ॲसिटोन हा परिणाम वाढवते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००१ मध्ये ही प्रकरणे प्रसिद्ध केली. कोणताही नवा क्लीनर घेताना डब्यावरची घटकांची यादी वाचणे किती महत्त्वाचे आहे, ते यातून कळते.

क्लोरीनयुक्त क्लीनरही निर्धोक नाहीतच. त्यांनी धुतलेल्या भागावर तो पुरता सुकण्याआधी वेल्डिंग केले, तर उष्णतेने फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला हा वायू आहे. त्याची बाधा झालेला माणूस सुरुवातीला बरा वाटतो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. काही पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. शरीरात त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते, तेव्हा बंद जागेत ते वापरणाऱ्याला धुराशिवायच धुराची विषबाधा होते. ॲल्युमिनियमची चाके किंवा ट्रकचा पत्रा चकाकवणाऱ्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. पातळ स्वरूपात ते हाताला लागले तर लगेच झोंबत नाही. काही तासांनी आतून असह्य वेदना सुरू होतात, कारण ते खोल शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधते. त्यावर भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हा प्रथमोपचार आहे. असा क्लीनर वापरणाऱ्या ठिकाणी ती जेल आधीच आणून ठेवावी. ते जमत नसेल तर दुसरा क्लीनर निवडावा.

रंगकाम

डेंटिंग-पेंटिंगच्या विभागात सर्वांत जास्त खबरदारी लागते ती हार्डनर मिसळून मारायच्या पीयू रंगांना. या हार्डनरमध्ये आयसोसायनेटे असतात. १९८४ मध्ये भोपाळमध्ये हजारोंचा जीव घेणारा मिथाइल आयसोसायनेट हा याच कुटुंबातला वायू. हार्डनरमधली आयसोसायनेटे त्याच्या मानाने फारच कमी वाफाळतात, त्यामुळे बंद डबा तसा धोकादायक नसतो. स्प्रे गनमधून रंग सूक्ष्म थेंबांच्या धुक्यात बदलतो, तेव्हा ती थेट फुप्फुसांत जातात.

आयसोसायनेटांचा विशेष धोका असा की त्यांची शरीराला ॲलर्जी जडते. कित्येक महिने किंवा वर्षे काही न झालेल्या पेंटरला एके दिवशी दम लागू लागतो आणि त्यानंतर अगदी थोडी मात्राही झटका आणण्यास पुरते. हा दमा अनेकदा कामाच्या वेळी न येता संध्याकाळी किंवा रात्री येतो. रजेच्या दिवसांत बरे वाटते आणि कामावर परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो. अशी लय दिसली की डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. नाहीतर नुसत्या खोकल्याचे औषध चालू राहते आणि कारण तसेच राहते.

तोंडाला बांधलेला रुमाल, सर्जिकल मास्क किंवा एन-९५ मास्क यांतला कोणताही वाफ अडवत नाही. एन-९५ धूळ अडवतो, एवढेच. थिनरच्या वाफेसाठी सक्रिय कोळशाचे काडतूस असलेला मास्क लागतो, आणि काडतूस संपल्यावर तो निरुपयोगी होतो. आयसोसायनेटांच्या बाबतीत काडतूस कधी संपले ते वासावरून कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मास्कच योग्य मानला जातो. बंद बूथ आणि हवा खेचणारा पंखा ही त्याची जोड. फवारणी थांबली तरी धुके काही मिनिटे हवेत तरंगत असते. रंग कसा बसला ते पाहण्यासाठी लगेच मास्क वर करण्याच्या सवयीने बराचसा संपर्क होतो. ज्या गॅरेजला ही सोय परवडत नाही, त्याने हार्डनरचे रंग न फवारता ते काम बूथ असलेल्या ठिकाणी पाठवावे.

लांबी घासतानाची धूळही फुप्फुसांत जाते. पाणी लावून घासणे किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडणे हे त्यावरचे उपाय. जुन्या रंगाच्या थरांत शिशाची संयुगे असू शकतात, तेव्हा कोरडे घासणे टाळलेलेच बरे.

धूर आणि धूळ

शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे आणि झोप येणे हीच त्याची लक्षणे असल्याने माणसाला तो थकवा वाटतो आणि तो तिथेच बसून राहतो. पावसाळ्यात आणि थंडीत दारे बंद ठेवून काम होते, तेव्हा सायलेन्सरला नळी जोडून धूर बाहेर सोडावा. डिझेलचा धूर तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवला आहे.

ब्रेक आणि क्लचची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे ही जवळपास प्रत्येक गॅरेजमधली पद्धत. आता बरीच लायनिंगे ॲस्बेस्टॉसविरहित असली, तरी जुन्या गाडीत कोणते लायनिंग बसले आहे ते नुसते पाहून ओळखता येत नाही. म्हणून सगळीच धूळ ॲस्बेस्टॉसची मानून वागावे: ड्रम ओल्या फडक्याने पुसावा किंवा पाण्यात साबण मिसळून धुवावा, फडके पिशवीत बंद करून टाकावे. त्याच हवेने अंगावरचे कपडे झाडणे तर पूर्णपणे बंद करावे.

ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि एसीचा गॅस

नवे इंजिन ऑइल कातडीला फारसा त्रास देत नाही. इंजिनात तापून काळे झालेल्या ऑइलमध्ये मात्र ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगे आणि धातूंचे कण साचतात. ऑइलने भिजलेली चिंधी पँटच्या खिशात ठेवण्याच्या सवयीने तेच ऑइल तासन्तास मांडीच्या कातडीला लागून राहते.

कूलंटमधला एथिलीन ग्लायकॉल गोड असतो, आणि रंगीत कूलंट दिसायला सरबतासारखे असते. सुमारे १०० मिलिलिटर पोटात गेले तर प्रौढ माणसाचाही जीव जाऊ शकतो; लहान मुलाला त्याहून खूपच कमी पुरते. आधी दारू प्यायल्यासारखी लक्षणे दिसतात, मग मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. गॅरेजच्या अंगणात सांडलेले कूलंट कुत्र्यामांजरांनाही मारते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कूलंट, आम्ल, थिनर किंवा ब्रेक ऑइल भरून ठेवणे म्हणूनच कोणत्याही सबबीवर चालू नये. तहानेने उचललेली बाटली तोंडाला लावायला क्षण लागतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून डबा उघडा ठेवू नये. ते रंगावर सांडले तर रंग उतरवते आणि डोळ्यांना चुरचुरते. एसीतला आर-१३४ए हा वायू उणे २६ अंशांना उकळतो. द्रवरूपात तो हातावर उडाला तर कातडी गोठते. हवेत सोडला तर त्याची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या एक हजार पटींहून जास्त असते. दुरुस्तीपूर्वी तो यंत्राने काढून सिलिंडरमध्ये भरावा.

व्यवस्था कशी लावावी

सुरक्षेच्या उपायांचा एक ठरलेला क्रम आहे. पहिल्यांदा धोकादायक द्रव्य टाळता येते का ते पाहावे. नाहीतर कमी धोक्याचे वापरावे. मग पंखा, झडप, बूथ, झाकणाचे भांडे अशी यंत्रणा करावी. नंतर कामाचे नियम ठरवावे. आणि सर्वांत शेवटी हातमोजे-मास्क. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते आणि तिथेच संपते. मास्क फक्त घालणाऱ्याला वाचवतो, तोही नीट बसला तर. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. उघडा दरवाजा आणि चालू पंखा सगळ्यांना वाचवतो.

डब्यावरची लेबले वाचणे ही स्वस्तातली सुरक्षा. लाल कडेच्या चौकटीतली चिन्हे जगभर एकसारखी आहेत: ज्वाळा म्हणजे ज्वालाग्राही, हातावर सांडणारे द्रव म्हणजे जाळणारे, कवटी म्हणजे तीव्र विष, आणि छातीवर चांदणी असलेली मानवाकृती म्हणजे कर्करोग किंवा दमा यांसारखा दूरगामी धोका. प्रत्येक रसायनाचे १६ भागांचे सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून मागून घ्यावे. त्यातला चौथा भाग प्रथमोपचाराचा, पाचवा आग विझवण्याचा आणि आठवा हातमोजे-मास्कचा. हे तीन भाग मराठीत लिहून भिंतीवर लावले, तरी मोठे काम होते.

हातमोजेही द्रव्यानुसार निवडावे लागतात. ऑइल आणि पेट्रोलला नायट्राइल चांगले. ॲसिटोन मात्र नायट्राइलमधून लवकर झिरपते, त्याला ब्युटाइल रबर लागते. विणलेले सुती हातमोजे द्रव शोषून ते कातडीला धरून ठेवतात, म्हणजे उलट नुकसानच करतात. हात धुवायला साबण आणि पाणी, आणि नंतर थोडे तेल किंवा क्रीम एवढे पुरते.

साठवणीचे नियम थोडे आहेत. रसायन मूळ डब्यातच ठेवावे. इंधन आणि थिनर धातूच्या झाकणाच्या डब्यात, वेल्डिंग व बॅटरी चार्जिंगपासून दूर असावेत. आम्ल खालच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये असावे. ऑइल-थिनरच्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून रोज हलवाव्या. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेले लागलेल्या चिंध्या ढिगात आपोआप तापून पेटू शकतात. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोलही परवान्याशिवाय ३० लिटरपेक्षा जास्त साठवता येत नाही.

सांडले, लागले, पेटले तर

ऑइल सांडले तर भुसा चालतो. पेट्रोल सांडले तर भुसा नको, कारण तो जळणात भर घालतो. तिथे कोरडी वाळू टाकावी. आम्लावर खाण्याचा सोडा टाकून फेस थांबेपर्यंत थांबावे, मग पाण्याने धुवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारले तर जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. त्यासाठी एबीसी पावडरचे किंवा फोमचे उपकरण हवे, ते दाराजवळ हवे, आणि फवारा ज्वाळांच्या मुळाशी मारावा.

डोळ्यात रसायन गेले तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि मगच रुग्णालयात न्यावे. मधल्या वेळात औषध शोधण्यात गेलेले प्रत्येक मिनिट डोळ्याचे नुकसान वाढवते. कातडीवर सांडले तर भिजलेले कपडे आधी उतरवावे. पेट्रोल, थिनर किंवा आम्ल पोटात गेले तर उलटी करवू नये. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळते किंवा फुप्फुसांत शिरते. वाफेने बेशुद्ध झालेल्याला खड्ड्यातून काढायला घाईने उतरणारा दुसरा माणूसही तिथेच कोसळू शकतो. आधी हवा खेळती करावी, मदत बोलवावी. रुग्णालयात जाताना रसायनाचा डबा किंवा त्याच्या लेबलाचा फोटो सोबत न्यावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१ आणि कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावेत.

टाकाऊ माल आणि कायदा

वापरलेले ऑइल हे २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतणे, जाळणे किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला देणे म्हणजे त्यातली विषे पाण्यात, हवेत किंवा दुसऱ्या कामगाराच्या हातावर पोचवणे. ते वेगळ्या पिंपात साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावे. त्यात थिनर, कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळले तर ते पुन्हा शुद्ध करणे अवघड होते. १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकण्यात आली आहे. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियम आहेत. बॅटरी भंगारवाल्याला देऊन ती उघड्यावर फोडली गेली, तर तिचे आम्ल जमिनीत आणि शिसे आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते.

मोठ्या कार्यशाळांना कामगार-सुरक्षेचे कायदे लागू होतात. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० किंवा अधिक कामगारांची जागा, अशी व्याख्या आहे. दोन-चार माणसांची बहुसंख्य गॅरेजे तीत बसत नाहीत, म्हणजे तिथली सुरक्षा मुख्यतः मालकाच्या आणि मेस्त्रीच्या हातात राहते. बालकामगारविषयक कायदा मात्र आकार पाहत नाही: २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आणि १८ वर्षांखालील मुलाला धोकादायक कामास मनाई आहे. सुटे भाग पेट्रोलने धुणे, बॅटरी उचलणे, खड्डा साफ करणे ही कामे गॅरेजमध्ये सर्वांत लहान पोऱ्यालाच सांगितली जातात, आणि वाढत्या शरीरावर शिसे व विद्रावके यांचा परिणाम सर्वांत जास्त होतो.

यातल्या पुष्कळ गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. तोंडाने नळी ओढणे थांबवणे, पेट्रोलऐवजी साबणाने हात धुणे, ब्रेकची धूळ ओल्या फडक्याने पुसणे, पाण्याच्या बाटल्यांत रसायन न भरणे, शटर उघडे ठेवणे, वाळूची बादली आणि आग विझवण्याचे उपकरण दाराजवळ ठेवणे यांची सुरुवात उद्याच होऊ शकते. बूथ, हवा पुरवणारा मास्क, एसीचा गॅस काढणारे यंत्र यांना खर्च येतो. तो एका गॅरेजला झेपत नसेल तर एकाच गल्लीतल्या चार-पाच गॅरेजांनी मिळून सोय उभारता येते. आयटीआयमधून शिकून येणारा मेकॅनिक आणि उस्तादाच्या हाताखाली शिकणारा कारागीर, दोघांनाही पाना धरायला शिकवतानाच डब्यावरचे चिन्ह वाचायला शिकवले, तर या धंद्यात उमेदीची वर्षे घालवणाऱ्यांना पुढे दमा, बधिर बोटे किंवा निकामी डोळा घेऊन घरी बसावे लागणार नाही.